ब्रॉडहेड लावलं की बाण डावीकडं का जातो?

वाचकांचे प्रश्न : धनुष्यबाण आणि तिरंदाजी

या महिन्यात आलेल्या पत्रांत एक पार टेक्सासातून आलंय, बाकीची आपल्या जिल्ह्यातली. टेक्सासच्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा होता. आणि त्यातलं निम्मं तरी इथं मैदानावर टार्गेट मारणाऱ्या पोरांच्याही उपयोगाचं आहे, म्हणून कापलं नाही.

सर नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, अशोक चौकातला, सध्या नोकरीनिमित्त डॅलसजवळ असतो. इथले ऑफिसातले मित्र दरवर्षी धनुष्याने हरणाच्या शिकारीला जातात, यंदा मी पण जाणार आहे. ६० पाउंडचं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, घेतलंय, उजव्या हाताने मारतो. साध्या पॉइंटने (सरावाचं टोक) ३० यार्डावर ग्रुप मस्त बसतो, सगळे बाण जवळजवळ लागतात, पण शिकारीचं पात्यांचं टोक म्हणजे ब्रॉडहेड लावलं की तोच बाण ५-६ इंच डावीकडं जातो. मित्र म्हणतात साइट सरकव आणि विसरून जा. काय करू? सीझनला अजून दोन महिने आहेत.

मित्रांचं ऐकू नका. साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, सरकवलीत तर रोग तसाच राहील, फक्त दिसायचा बंद होईल.

आधी हे होतं का ते बघा. साधा पॉइंट गोल गुळगुळीत असतो, हवेत त्याला धरायला काही नसतं, त्यामुळे बाण धनुष्यातून थोडा वाकडा सुटला तरी मागची पिसं म्हणजे वेन्स त्याला सरळ करून घेतात. ब्रॉडहेडला पुढं पाती असतात, ती पाती पण हवा कापतात, म्हणजे बाणाला आता पुढून पण पिसं लागली असं समजा, आणि बाण जरा जरी तिरका सुटला की पुढची पाती त्याला त्या तिरक्या दिशेलाच ओढत नेतात. म्हणजे तुमचा बाण आधीपासूनच वाकडा सुटत होता, साधा पॉइंट ते झाकत होता.

आता क्रमाने करा. पहिलं काम बाणाचं, धनुष्याला नंतर हात लावायचा. सगळ्या बाणांवर मार्करने नंबर टाका. मग प्रत्येक बाणाला ब्रॉडहेड लावून, टोक एका कडक गुळगुळीत फळीवर उभं धरून बाण भोवऱ्यासारखा फिरवा आणि नजर शाफ्ट (बाणाची दांडी) आणि ब्रॉडहेडच्या सांध्यावर ठेवा. सांधा एका जागी स्थिर दिसला तर ठीक, थरथरताना दिसला तर काहीतरी तिरकं बसलंय. ते ब्रॉडहेड काढून दुसऱ्या शाफ्टला लावून फिरवा, तिथं पण थरथरलं तर दोष ब्रॉडहेडचा, नाही थरथरलं तर शाफ्टचं तोंड तिरकं कापलेलं आहे किंवा आतला इन्सर्ट, म्हणजे टोक ज्यात बसतं तो तुकडा, वाकडा चिकटलाय. असा बाण सरावाला ठेवा, शिकारीच्या भात्यात घालू नका. या एका तपासणीत बऱ्याच जणांचा अर्धा प्रॉब्लेम सुटतो, आणि तरी लोक ही करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण याला पैसे लागत नाहीत.

मग स्पाइन बघा. शाफ्टवर ३४०, ४०० असा आकडा असतो, तो शाफ्टच्या ताठपणाचा. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध १.९४ पाउंड वजन टांगलं की तो जितका वाकतो ते इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ३४० वाला ०.३४० इंच वाकतो. आकडा लहान तेवढा बाण ताठ. तुमचं पाउंडेज (धनुष्य ओढायला लागणारी ताकद), बाणाची लांबी आणि पुढच्या टोकाचं वजन या तिन्हीवर कोणता स्पाइन पाहिजे ते ठरतं, कंपनीचा चार्ट असतो तो बघा. इथं एक चूक खूप होते, सराव १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) पॉइंटने आणि शिकारीला १२५ ग्रेनचं ब्रॉडहेड. पुढचं वजन वाढलं की बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे तो जणू मऊ झाला. दोन्हीचं वजन एकच ठेवा, आणि पाकिटावर लिहिलंय म्हणून धरू नका, काट्यावर टाकून बघा.

वजनाचं निघालंच आहे तर अख्ख्या बाणाचं पण सांगतो. ७००० ग्रेनचा एक पाउंड, एका ग्रॅमला साधारण १५.४ ग्रेन. कंपाउंडला दर पाउंडामागे निदान ५ ग्रेन तरी बाण पाहिजे, म्हणजे तुमच्या ६० पाउंडला ३०० ग्रेनच्या खाली जाऊच नका, धनुष्याची वाट लागेल. शिकारीला ४००-४५० ग्रेन वजनाचा बाण बरा, तो जरा सावकाश जातो पण आत शिरायला ताकद राहते आणि धनुष्याचा आवाजही कमी येतो. आवाज का महत्त्वाचा, तर तुमचा बाण सेकंदाला २८० फूट गेला तरी ३० यार्डाला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आवाज त्याच्या चौपट वेगाने आधी पोचतो, आणि हरीण दचकून खाली दबतं तेवढ्यात बाण जिथं लागायचा तिथं लागत नाही. म्हणून ५० यार्डावर टार्गेट फोडता येत असलं तरी पहिल्या सीझनला २०-२५ यार्डाच्या पुढं मारू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

बाणाचा तोल पण एकदा बघून घ्या. ब्रॉडहेडसकट बाण बोटावर तोलून तो जिथं स्थिर राहतो ते अंतर नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून मोजा, त्यातून बाणाची निम्मी लांबी वजा करा आणि पूर्ण लांबीने भागा. २८ इंचाचा बाण साडेसतरा इंचावर तोलला तर साडेतीन भागिले २८, म्हणजे साडेबारा टक्के. लांबी धरताना नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतच धरायची, ब्रॉडहेड सोडून. शिकारीच्या बाणाला १० ते १५ टक्के चांगलं.

एवढं सगळं ठीक असेल तर मग धनुष्य. २० यार्डावरून साध्या पॉइंटचे तीन बाण आणि ब्रॉडहेडचे तीन, एकाच ठिकाणी नेम धरून, दमला नसाल तेव्हा मारा. ब्रॉडहेडचा ग्रुप डावीकडं पडतोय तर रेस्ट, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो आधार, उजवीकडं सरकवा, खाली पडतोय तर रेस्ट वर. लक्षात ठेवायला सोपं, ब्रॉडहेडला साध्या पॉइंटच्या ग्रुपकडं ढकलायचंय, त्याच दिशेला रेस्ट. सरकवायचं मात्र एकदम थोडं, इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी, मग परत तीन-तीन मारायचे. दोन्ही ग्रुप एकावर एक आले की मगच साइटला हात लावायचा. तरी एखादाच नंबरचा बाण दरवेळी बाहेर जात असेल तर त्याचा नॉक थोडा फिरवून बघा म्हणजे वेगळं वेन वर येईल, बऱ्याचदा बाण लायनीवर येतो. नाहीच आला तर तो बाजूला.

ब्रॉडहेड मारायला फोमचं टार्गेट घ्या, पोत्याच्या टार्गेटमध्ये पाती अडकतात, टार्गेटही फाटतं आणि बाण उपसताना हात कापतो. आणि ज्या पात्यांनी सराव केला त्याच पात्या घेऊन जंगलात जाऊ नका, फोमात चारदा गेलेलं पातं बोथट झालेलं असतं. प्रत्येक शिकारीचा बाण त्याच्या ब्रॉडहेडसकट एकदा मारून बघा, बरोबर गेला की पातं नवीन टाका किंवा धार लावा, स्क्रू घट्ट करा आणि तो बाण आता शिकारीपुरताच. धार बघायला ताणलेला रबरबँड वापरा, पातं नुसतं टेकवल्यावर तुटला पाहिजे. अंगठ्यावर बघू नका. हात लावायचा तो ब्रॉडहेडच्या पान्याने.

शेवटच्या महिन्यात सरावाची पद्धत बदला. शंभर-शंभर बाण मारायचं बंद करा. सकाळी उठल्यावर, हात गरम न करता, जे जाकीट घालून जाणार ते घालून, खुर्चीवर बसून एकच बाण मारा आणि तो कुठं लागला ते लिहून ठेवा. जंगलात तुम्हाला तो एकच बाण मिळणार आहे, तीन तास थंडीत बसल्यावर, छाती धडधडत असताना, म्हणून तुमचा खरा नेम तो पहिला बाण सांगतो, दहावा नाही. झाडावरच्या मचाणावरून मारणार असाल तर उंचावरून पण सराव करा, खाली मारताना हात न झुकवता कमरेतून वाका, आणि वर चढायच्या आधी सेफ्टी हार्नेस बांधा, यात सूट नाही.

हरीण आडवं उभं असेल किंवा तोंड जरा पलीकडं करून उभं असेल तेव्हाच मारा, नेम पुढच्या पायाच्या जरा मागं, फुफ्फुसावर. समोरून तोंड करून उभं असेल तर मारू नका, बाण उतरवून ठेवा. मारल्यावर लगेच पळत सुटू नका, चांगला लागला वाटलं तरी अर्धा तास थांबा, बाण पोटात गेल्याची शंका असेल तर कितीतरी तास थांबावं लागतं, नाहीतर जखमी जनावर उठून लांब जातं आणि मग सापडत नाही.

कागदपत्रांचं पण बघा. टेक्सासात लायसन तर लागतंच, शिवाय २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. धनुष्याचा सीझन साधारण सप्टेंबर अखेरीला सुरू होतो पण दरवर्षीची तारीख तिथल्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याकडून बघून घ्या. तिथली बहुतेक जमीन खाजगी आहे, मालकाच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नका. आणि पुढंमागं दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथले नियम वेगळे, कुठं ब्रॉडहेडची किमान रुंदी ठरलेली, कुठं धनुष्याचं पाउंडेज.

सर, शिकारीच्या बाणांबद्दल विचारणारी पत्रं तुम्ही घेताच कशाला? मुलं वाचतात. आमच्याकडे तरी मुक्या जनावराला मारणं कुणाला पटत नाही. — एक आजी, जुळे सोलापूर

आजी, तुमचं म्हणणं मनापासून कळतं. मी स्वतः शिकार करत नाही, करणार पण नाही, आणि आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंदच आहे. पण जिथं ती कायदेशीर आहे तिथं आपली पोरं राहायला गेलीत आणि ती जाणारच आहेत, मग न तपासलेला बाण घेऊन गेली तर भोगायचं जनावराला. पाय लुळा होऊन आठवडाभर तडफडणारं हरीण आणि मिनिटभरात संपलेलं हरीण, यातला फरक दोन महिन्यांच्या तयारीत असतो. म्हणून मी उत्तर देतो, आणि सविस्तर देतो. त्यातही कुणी ही सगळी कटकट वाचून "जाऊ दे, मी टार्गेटच मारतो" म्हणाला तर मला आनंदच आहे.

मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. रानडुकरांनी मका आणि भुईमूग पार उकरून टाकलाय ओ सर. पुतण्याने कंपाउंड धनुष्य आणलंय. बंदूक नाही, आवाज नाही, रात्री एखादं डुक्कर मारलं तर चालतंय का?

नाही चालत दादा. बंदूक असो, बाण असो, फासा असो, कायद्याला हत्यार कोणतं याच्याशी देणंघेणं नाही, नुसता मारायचा प्रयत्न पण शिकारीतच धरतात. रानडुक्कर कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. आणि रात्रीच्या अंधारात बाण सोडला आणि समोर काळवीट निघालं तर ते पहिल्या परिशिष्टातलं, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, काळवीट, लांडगे अभयारण्याची हद्द बघून चालत नाहीत, ते शिवारात येतात.

तुमचं नुकसान खरं आहे आणि त्याला रस्ता पण आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, ती त्याच्याकडं रीतसर मागायची. त्याच्या आधी भरपाईचं बघा. नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, गट नंबरासकट अर्ज करा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. कुंपण करायचं तर सौर कुंपण, त्यात झटका थांबून थांबून बसतो, जीव जात नाही. मेन लाइनचा करंट तारेत सोडू नका हात जोडून सांगतो, त्यात जनावरांबरोबर माणसं पण गेलीत, आणि बऱ्याचदा शेजारचाच माणूस.

पुतण्याला मात्र सांगा, हात चांगला असेल तर मैदानावर ये. कंपाउंडला आता खरे दिवस आलेत. २०२३ ला बर्लिनला जागतिक स्पर्धेत कंपाउंडची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं महाराष्ट्रात आली, साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच असणार आहे.

सर कार्बनचा बाण टार्गेटच्या लाकडी स्टँडला लागला. वरून काहीच दिसत नाही. वापरू का? एक बाण हजाराच्या घरात जातो म्हणून विचारतोय.

तपासल्याशिवाय अजिबात नाही. कार्बनला चीर गेलेली डोळ्याला दिसत नाही, आणि तसा बाण सुटताना फुटला तर त्याच्या सुया होऊन धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. हा अपघात एकदा फोटोत जरी बघितलास तरी हजार रुपये विसरशील.

चष्मा लाव, बाणाची दोन्ही टोकं धर, तोंडापासून लांब धरून हलकाच वाकव, थोडा फिरव, परत वाकव, असा पूर्ण गोल. कुठं कडकड आवाज आला, बोटाला काही सरकल्यासारखं वाटलं की बाण बाद. मग कापसाचा बोळा शाफ्टवरून टोकापासून नॉकपर्यंत फिरव, तंतू अडकला तिथं चीर आहे. नॉक काढून आतून पण बघ, आणि इन्सर्टच्या तोंडाशी शाफ्ट फुगलाय का ते नखाने चाचप, लाकडाला समोरून लागलेला बाण बहुतेक तिथंच जातो. बाद झालेला बाण तसाच कोपऱ्यात टाकू नकोस, मोडून टाक, नाहीतर उद्या क्लबातलं एखादं बारकं पोरगं उचलून मारेल.

आणि स्टँडची लाकडं झाका की. आपल्याकडं टॉवेल-चादरीच्या कारखान्यातल्या चिंध्या मिळतात, युरियाच्या पोत्यात दाबून दाबून भरून पुढं लावा. दाबून म्हणजे उभं राहून पायाने तुडवून, सैल भरलं तर बाण आरपार जातो. टार्गेटचे पॉइंट असतील तर असं पोतं सरावाला पण चालतं.

मुलगी १२ वर्षांची, नुकतीच तिरंदाजीला जायला लागलीय. दुकानदार म्हणतो कार्बनचे बाण तिच्या मापाने कापून देतो. घेऊ का?

ताई, आत्ता नको. पहिली गोष्ट मापाने कापायचेच नाहीत, तिची ओढ, म्हणजे दोरी जितकी मागं खेचते ते अंतर, अजून वाढतेय, दर काही महिन्यांनी वाढेल, आणि आज बरोबर मापाचा बाण सहा महिन्यांनी आखूड पडतो. आखूड बाण ओढताना रेस्टवरून मागं घसरला तर टोक थेट हातावर येतं. म्हणून नवशिक्या मुलांना बाण दोन इंच तरी लांबच पाहिजे. दुसरं म्हणजे पहिलं वर्ष ती बाण हरवणार, वाकवणार, ते व्हायचंच, तेव्हा क्लबाचे किंवा ॲल्युमिनियमचे साधे बाण बरे. ॲल्युमिनियमचा वाकलेला बाण टेबलावर गरगर लोळवला की लगेच कळतो.

इंडियन राउंड खेळत असेल तर बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण, तिथं अंतर ३० आणि ५० मीटर. त्या बाणांत एक सारखा दुसरा नसतो, म्हणून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर सगळे बाण एकदा तोलून आणा, जवळजवळच्या वजनाचे एका गटात बांधा, आणि स्पर्धेला एकाच गटातले न्या. मुलीला पण सोबत न्या, तिला बाणाची ओळख तिथूनच होते.

सर उन्हाळ्यात कॉलेजवरून थेट प्रॅक्टिसला येतो म्हणून धनुष्य-बाण दिवसभर कारच्या डिकीत असतात. काही होतं का?

होतं ना. मे महिन्यात सोलापुरात बाहेर ४३-४४ डिग्री असतं तेव्हा बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर जातं. बाणाचे इन्सर्ट हॉट मेल्टने, म्हणजे गरम करून लावायच्या गोंदाने, चिकटवलेले असतील तर ते सैल होतात, आणि मग टार्गेटमधून बाण उपसला की पॉइंट आतच राहतो. वेन्सचा गोंद सुटतो. स्ट्रिंग म्हणजे दोरी ताणते आणि कंपाउंडचं टायमिंग, म्हणजे चाकांचा फिरायचा मेळ, बिघडतं, लिंब्जचे म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्यांचे थर सुटले तर ते धनुष्य ओढताना फुटू पण शकतं.

कॉलेजात जिमखान्याच्या शिक्षकांना विचारून एखाद्या खोलीत ठेव, ते होत नसेल तर मित्राच्या रूमवर. आणि एखाद्या दिवशी राहिलंच गाडीत तर काढल्याकाढल्या ओढू नकोस. सावलीत अर्धा तास ठेव, लिंब्जवर बोट फिरवून चीर आहे का बघ, प्रत्येक पॉइंट हाताने ओढून पिळून बघ, वेन्सची दोन्ही टोकं नखाने उचलून बघ, स्ट्रिंगला मेण लाव, आणि पहिले बाण जवळूनच, दहा मीटरवरून मार.